वरच्या पट्टीतलं नाव

तो चार्जिंगचा दिवा मधे ठेवा, म्हणजे सगळ्यांना उजेड मिळेल. लाइट काही इतक्यात येत नाही. मघाशी तुम्ही विचारलंत ना, की चांगलं कॉम्प्युटरचं काम सोडून मी शाळेत गणित शिकवायला का लागले? दर वेळी काहीतरी सांगून मी वेळ मारून नेते. आज सांगते. फक्त मधे कोणी हसू नका.

दोन हजार आठचा उन्हाळा. गिरगावातली खोली विकून आम्ही मीरा रोडला, नया नगरच्या अलीकडे राहायला आलो होतो. आई, मी आणि माझी धाकटी बहीण समिधा. माझी नोकरी भाईंदर पश्चिमेला. ऑफिस म्हणजे एका जुन्या सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट. हॉलमध्ये आमचे कॉम्प्युटर, किचनमध्ये चहाची शेगडी. मालक जितेंद्र, फोटो काढणारा आणि डिझाइन बघणारा कौस्तुभ, आणि वेबसाइट बांधणारी मी. एवढीच आमची कंपनी.

कौस्तुभ कसा होता ते आधीच सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला पटणार नाही. ऑफिसात पाल आली तर तो कागदाची सुरळी करून तिला हळूहळू खिडकीबाहेर काढायचा. फोटो काढायला कोणाच्याही घरी गेला, अगदी रिकाम्या फ्लॅटमध्येसुद्धा, तर चपला बाहेर काढायचा. माझ्या आईला फोन करून गुडघे कसे आहेत विचारायचा. त्याचा आवाज चढलेला मी कधीच ऐकला नव्हता.

महिपत शेठ नावाचे बिल्डर तेव्हा राई गावात, खाडीच्या अंगाला एक बिल्डिंग उभी करत होते. वरचे मजले अजून नुसते खांब आणि सळ्या, पण तळमजल्यावर एक सॅम्पल फ्लॅट सजवून ठेवला होता. सोफा, पडदे, टोपलीत मेणाची सफरचंदं. येणाऱ्यांना तो फ्लॅट दाखवायचं काम समिधाला मिळालं होतं. ज्यांना येता येत नाही, परदेशात आहेत, त्यांना तो घरबसल्या बघता यावा म्हणून वेबसाइट करायची होती. ती माझ्याकडे आली.

मी ती तेव्हाच्या नव्या पद्धतीने केली होती. फोटोतल्या दारावर क्लिक केलं की पुढची खोली समोर यायची, पण पान नव्याने उघडायचं नाही. पान तेच, आतलं चित्र फक्त बदलायचं. घरात चालल्यासारखं वाटायचं. एकच चूक राहिली होती, आणि ती शेठच्या जावयाने दुबईहून पकडली.

“मृणालिनी, शेठचा फोन होता,” जितेंद्र म्हणाला. “जावई किचन बघतोय आणि वर पट्टीत लिहिलंय हॉल. बेडरूम बघतोय तरी हॉल. मागे जायचं बटण दाबलं की सगळी यादी हॉल, हॉल, हॉल. करून टाक ना ते.”

खरंच होतं ते. विंडोच्या अगदी वरच्या निळ्या पट्टीत पानाचं नाव असतं. पान नव्याने उघडलं की ब्राउझर ते आपोआप बदलतो. माझं पान उघडतच नव्हतं, म्हणून नाव जुनंच राहत होतं. ते मलाच बदलायला हवं होतं. खोली बदलली की नाव बदल, अशी एक छोटीशी सोय मी लिहिली. दार, हॉल, किचन, बेडरूम. बाथरूमच्या लाद्या अजून बसल्या नव्हत्या, फोटो नव्हता, म्हणून ते दार फोटोत दिसायचं पण उघडायचं नाही. चहा गार व्हायच्या आत काम झालं. जितेंद्रने दोनदा सगळ्या खोल्या फिरून बघितल्या आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा खात होते. पान उघडंच होतं, हॉलवर. माझे दोन्ही हात डब्यात. वर पट्टीत ‘हॉल’ लिहिलेलं होतं, ते ‘किचन’ झालं.

चित्र हॉलचंच. सोफा, पडदे, मेणाची सफरचंदं. नाव मात्र किचनचं.

मला वाटलं, माझ्याच लिहिण्यात काहीतरी घोळ आहे. हात धुऊन बसले आणि सगळं तपासलं. नाव बदलणारी सोय फक्त एका ठिकाणाहून चालायची, क्लिक केल्यावर. कोणी क्लिक केलेलं नव्हतं. नाव बदलताना मला कळावं म्हणून मी एक खूणही घातली. त्या दुपारी नाव पुन्हा बदललं आणि खूण काही उमटली नाही. म्हणजे नाव माझ्या सोयीने बदलत नव्हतं.

त्यानंतर रोज. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, सोसायटीत सामसूम असताना. खाडीकडून वाळत्या मासळीचा आणि चिखलाचा वास यायचा, पंखा घरघरत असायचा, आणि वरच्या पट्टीत कोणीतरी चालायला लागायचं. मला तसंच वाटायचं. चित्र जागच्या जागी, आणि नाव या खोलीतून त्या खोलीत. घाई नाही. प्रत्येक खोलीत जरा थांबून, मग पुढे.

मग शब्द बदलले.

एका दुपारी पट्टीत आलं, ‘ओटा’. मग ‘माजघर’. मग ‘चूल’. मग काहीच नाही, परत ‘हॉल’.

हे शब्द मी लिहिले नव्हते. “कौस्तुभ, तू काही बदललंस का यात?” मी विचारलं. तो खुर्ची सरकवून माझ्याजवळ आला. मी सगळ्या फायलींमध्ये ते शब्द शोधून दाखवले. एकही कुठे नव्हता.

“माजघर...” तो पट्टीकडे बघत म्हणाला. “बघ, पुन्हा आलं.”

आम्ही दोघं बघत राहिलो. ओटा. माजघर. चूल. मग तो जाऊन तोंडावर पाणी मारून आला. त्या दिवसापासून दुपारी तोही डबा घेऊन माझ्या मागे उभा राहायला लागला. बघत बघत जेवायचा.

समिधाला मी घरी हे सांगितलं, तर ती चमकली. “सुलूताई असंच बोलते. आमच्या इथे लादी पुसायला येते ना, ती. हॉलला माजघर म्हणते. मी म्हटलं, गावची बाई आहे, सवय असेल.”

शनिवारी मी अर्ध्या दिवसाने निघून राईला गेले. दारात वॉचमन धर्माजी खुर्ची टाकून बसले होते. पायाशी शहाळ्यांचा ढीग आणि कोयता. फ्लॅट बघायला येणाऱ्याला शहाळं द्यायची शेठची पद्धत होती. आत सुलू लादी पुसत होती. पन्नाशीची, काटक, नऊवारी घट्ट नेसलेली. मी सरळच विचारलं, की हॉलला माजघर का म्हणता?

तिने फडकं पिळून बादलीत टाकलं.

“माजघरच व्हता हितं. माज्या सासरचा घर व्हता ह्या जागंवर. तुमचा सोफा हाय तिथं माजघर, त्याच्या पल्याड चूल, आन तो दार हाय ना, तिथं न्हाणी.” तिने बाथरूमच्या बंद दाराकडे हनुवटी केली. “भायेर वॉचमन बसतो तो वटा.”

“मग पाडलं ते घर?”

“आदी मानसां गेली. मंग घर पाडला.” ती उठली नाही, बसूनच बोलत होती, आवाज न चढवता. “धाकू म्हंजे माजा दीर. वाईट न्हवता. मिठागरावर जायचा, कोनाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. एक दिस दुपारचा आला, जेवला, हात धुतलं. कोयता घेतला. वट्यावर माजा सासरा निजलेला, पयला तो. मंग माजघरात माजा नवरा. मंग चुलीपाशी त्याची सोताची बायको, दुर्गा. ती भाकऱ्या भाजत व्हती.”

समिधा माझा हात धरून उभी होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

“आणि तुम्ही?”

“मी न्हाणीत. आंग धूत व्हते. समदा आयकला मी. पलत न्हवता तो... चालत व्हता. बाजारात भाजी बघत चालावा, तसा. न्हाणीच्या दाराशी येवून हुबा ऱ्हायला. त्याचा सास मना आयकू येत व्हता. तवर गाव आला. वल्ही, दगुड, हाताला येल तो घेवून आला. त्याला दारातच ठेचला. मी भायेर आले तवा त्याला त्वांड न्हवता.”

“पण का केलं त्याने असं?”

“इचारायला कोन ऱ्हायला?” ती म्हणाली आणि पुन्हा फडकं हातात घेतलं.

घरी येताना मी समिधाला म्हटलं, ही नोकरी सोड. ती म्हणाली, “ताई, तुझ्या कॉम्प्युटरवर शब्द येतात म्हणून?” मी मनाशी एवढंच धरून होते, की पट्टीतलं नाव चुलीपर्यंत जातं आणि थांबतं. न्हाणीपर्यंत ते कधी गेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाथरूमच्या लाद्या बसल्या. तो फोटो घ्यायला कौस्तुभ सकाळीच कॅमेरा आणि डबा घेऊन राईला गेला. संध्याकाळपर्यंत सगळं पुरं करून द्यायचं होतं, म्हणून मी इकडे बाथरूमचं दार उघडेल अशी व्यवस्था करून ठेवली. चित्राची जागा कोरी, पण वाट मोकळी.

दुपारी जितेंद्र आतल्या खोलीत कोणाशी तरी फोनवर बोलत होता. पट्टीत ‘ओटा’ आलं, आणि माझा मोबाइल वाजला. समिधा.

“ताई...” इतक्या हळू, की मी दुसऱ्या कानावर हात ठेवला.

“काय गं?”

“कौस्तुभने धर्माजींना मारलं.”

“मारलं म्हणजे?”

“तो जेवला. डबा धुतला, हात धुतले. मग बाहेर गेला. शहाळं फोडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, कोणी फ्लॅट बघायला आलंय. बघितलं तर धर्माजी खुर्चीतच... ताई, त्यांची मान... तरी तो मारतच होता. सुलूताईने मला ओढलं. आम्ही बाथरूममध्ये आहोत. कडी नीट बसत नाही, तिने दाराला पाठ लावलीय.”

पट्टीत ‘माजघर’ झालं.

“समिधा, तो आता हॉलमध्ये आहे का?”

“हो... तुला कसं... ताई, सोफा कापल्याचा आवाज येतोय.”

मलाही ऐकू येत होतं. रेक्झिन फाटल्याचा लांब आवाज. मग थांबणं. मग पुन्हा तसाच आवाज. रागाने नाही, कामाला लागल्यासारखा. मी जितेंद्रच्या दारावर थाप मारली आणि फोनवर हात ठेवून जेवढं जमलं तेवढं सांगितलं. तो विचारत बसला नाही. बाइकची किल्ली घेऊन, पोलिसांना फोन लावतच तो धावला.

‘चूल’. फोनमधून भांडी पडल्याचा आवाज आला. सॅम्पल फ्लॅटच्या किचनमधली, कोणी न वापरलेली स्टीलची भांडी.

मग पट्टीत नवं नाव आलं. ‘न्हाणी’. मी तिथे ‘बाथरूम’ लिहिलं होतं.

“ताई...” आता ती बोलत नव्हती, नुसता श्वास सोडत होती. “तो दाराशी आहे.”

पहिला घाव ऐकू आला. दार पोकळ प्लायचं, नव्या बिल्डिंगमध्ये असतं तसं. दुसऱ्या घावाला समिधा म्हणाली, “पातं आत आलं.”

मला बाकी काही सुचलं नाही. मला जे येत होतं तेच मी केलं. ब्राउझरमध्ये एक जागा असते, तिथे एक ओळ लिहिली की पान ती ताबडतोब मानतं. मी तिथे नाव बदलून ‘बेडरूम’ लिहिलं. पट्टीत ‘बेडरूम’ आलं.

तिसरा घाव.

बेडरूम त्याला माहीतच नव्हती. ज्या घरात तो चालत होता त्या घरात बेडरूम नव्हती. मी खोडलं आणि लिहिलं, ‘ओटा’.

फोनमध्ये शांतता.

“ताई,” समिधा म्हणाली, “तो चाललाय... मागे चाललाय.”

मी कीबोर्डवरून हात काढला नाही. पट्टीतलं नाव आपोआप सरकायला लागलं. माजघर. चूल. पावलं पुन्हा जवळ येत होती, मला फोनमधून मोजता आली असती इतकी स्पष्ट. ‘न्हाणी’ उमटलं की मी ‘ओटा’ लिहायचे. तो वळायचा. पुन्हा यायचा. एकदा मला उशीर झाला, तेव्हा दाराचा तुकडा पडल्याचा आवाज आला आणि सुलूच्या तोंडून एक हुंकार. “पातं तिच्या पाठीत रुतलंय,” समिधा कुजबुजली. तिने पाठ काढली नाही.

आणि मग लाइट गेली. पंखा थांबला. माझा कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला. टेबलाखालचा यूपीएसचा डबा टीं टीं करायला लागला. जुनी बॅटरी, फार वेळ टिकणारी नव्हती.

‘न्हाणी’ आलं. मी ‘ओटा’ लिहिलं. त्याच वेळी फोनमधून बाइक थांबल्याचा आवाज आला. जितेंद्रची. तिचा फाटका सायलेन्सर मी कुठेही ओळखला असता.

“कौस्तुभ, अरे काय करतोयस? ठेव ते खाली...”

मी त्याला ओट्यावर पाठवला होता. जितेंद्र उभा होता तिथे.

बोटं चुकीच्या अक्षरांवर पडत होती. मी खोडत होते, लिहीत होते, पुन्हा खोडत होते. जितेंद्रची किंकाळी ऐकू आली. आधी शब्द होते, मग नुसता आवाज. अखेर ‘चूल’ लिहिलं गेलं. पट्टीत ते दिसलं, आणि बॅटरी संपली. पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत मला माझं तोंड दिसत होतं.

जितेंद्रने नंतर सांगितलं. पहिला घाव त्याने हातावर घेतला होता, कोपराखाली हात लोंबत होता. तो पायरीवर पडला होता. कौस्तुभने कोयता दुसऱ्यांदा डोक्यावर उचलला, आणि मधेच, कोणी हाक मारल्यासारखा थांबला. कोयता खाली घेतला, वळला आणि किचनकडे चालू लागला. चपला त्याने बाहेर काढून ठेवलेल्या होत्या. अनवाणी, रक्ताची पावलं उमटवत.

आता त्याला मागे फिरवायला माझ्याकडे काही नव्हतं. मी फोनमध्ये नुसती समिधाचं नाव घेत राहिले.

मग सुलूचा आवाज आला. अगदी साधा, दळण आणायला निघालेल्या बाईसारखा. “पोरी, मी भायेर जातंय. मी गेले का कडी लाव. त्या दिशी मी आत ऱ्हायले. आज न्हाय.”

दार उघडल्याचं मी ऐकलं. बंद झाल्याचंही. मग समिधाच्या हातातून फोन पाण्यात पडला असावा. कट झाला.

मी रिक्षाने पोचले तेव्हा पोलीस आले होते. जे झालं ते जितेंद्रने पायरीवरून पाहिलं होतं. सुलू पॅसेजमध्ये हात सोडून उभी राहिली. म्हणाली, “ये.” कौस्तुभने कोयता घातला, तो तिने दोन्ही हातांनी धरला. बोटं लादीवर पडली तरी ती ढकलत राहिली. पुढचा घाव मानेला लागला. ती त्याच्या अंगावर कोसळली आणि त्याला घेऊनच खाली गेली, त्याच्या कमरेला उरल्या हातांची मिठी घालून. त्याला उठता येईना. तेवढ्यात वरच्या मजल्यांवरचे मजूर फावडी आणि सळ्या घेऊन आले. त्यांनी धर्माजींना पाहिलं होतं. ते कौस्तुभला मारायला लागले, मारतच राहिले. त्याचा जबडा तुटला, एक डोळा गेला. आणखी थोड्या वेळात तो संपला असता. पण लादीवर पडलेली सुलू बोलली.

“ह्याला मारू नका. ह्यो तो न्हाय.”

इतक्या रक्तातून ते शब्द कसे निघाले कोण जाणे. पण एका मजुराने दुसऱ्याची सळई धरली. टेम्पोतून हॉस्पिटलला नेताना सुलू वाटेतच गेली. धर्माजी तर खुर्चीतच गेले होते.

जितेंद्रचा हात कोपरापासून काढावा लागला. आपल्याला अर्ध्यावर कोणी सोडवलं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तिकडे कोणी पाठवलं, हेही.

कौस्तुभ आजही वेड्यांच्या हॉस्पिटलात आहे. मी एकदाच गेले. जाळीपलीकडून त्याने मला ओळखलं, आईचे गुडघे विचारले. वाकड्या जबड्यातून शब्द नीट उमटत नव्हते. मी विचारलं, तुला काय आठवतं?

“भेंडीची भाजी होती डब्यात,” तो म्हणाला. “मग हात धुतले. मग वर लिहिलेलं यायला लागलं, डोळ्यांच्या वर. जिथलं नाव येईल तिथे जायचं. बाकी काही नाही, मृणालिनी. मी नुसता जात होतो.” थोडा वेळ तो जाळीशी चाळा करत बसला. “मधे मधे कोणीतरी मला मागे पाठवत होतं. त्याचा मला फार राग येत होता. कोण होतं गं ते?”

मी उठून आले. त्यानंतर मी वेबसाइटचं काम केलं नाही.

बिल्डिंग पुरी झाली. शेठने सॅम्पल फ्लॅटमध्ये नव्या लाद्या घातल्या. आता तिथे एक कुटुंब राहतं, सुखात असावं. वाईट काही ऐकलं नाही. समिधाच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. पोलिसांनी दार फोडलं तेव्हा ती बादलीशेजारी बसलेली होती, डोळे मिटून. पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली. त्या दुपारबद्दल आम्ही दोघी इतकी वर्षं कधी बोललो नव्हतो.

गेल्या दिवाळीत ती माहेरपणाला आली होती. आम्ही करंज्या करत होतो. मुलगी बाहेर खेळत होती. ती मधेच म्हणाली, “ताई, एक सांगायचं राहिलंय.”

“सांग ना.”

“सुलूताई बाहेर गेली. मी कडी लावली, कशीबशी. आत मी एकटीच असायला हवी होते ना?” ती सारण भरत राहिली. “मागून कोणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवला. बाईचा हात. गरम होता, चुलीपुढून उठल्यासारखा. पिठाचा आणि धुराचा वास येत होता. मी ओरडू नये म्हणून ठेवला असेल, मला तेव्हा बरंच वाटलं. बाहेर सुलूताईचे हाल चालले होते, आणि ती मला घट्ट धरून होती.”

“मग?”

“मग ती कानाशी म्हणाली... तो परत येल. इचारील, आत कोन हाय. त्याला कोनाचा नाव सांगू?”

समिधाने करंजी ताटात ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

“मी फार घाबरले होते, ताई. मी तुझं नाव सांगितलं.”